ताडपत्रीखाली कोण आहे?

शाहूपुरीत घराबाहेर ठेवलेली वस्तू सगळ्या गल्लीची असते. कुणी ती उचलून नेत नाही, तेवढी माणुसकी आहे. पण तिच्यावर मत दिल्याशिवाय कुणी पुढंही जात नाही. कुंडी ठेवली की ‘पाणी जास्त होतंय’, सायकल लावली की ‘चेन सैल आहे’. आमच्या बोळात दगड कापायचं मशीन उभं आहे. त्याच्या देखभालीवर गल्लीत जेवढा खल झाला, तेवढा थेट पाइपलाइनवर झाला असता तर काळम्मावाडीचं पाणी कोल्हापूरला दहा वर्षं आधी आलं असतं.

मशीन माझ्या थोरल्या भावाचं. दादानं आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. दख्खनचं पठार सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर एकावर एक साचून तयार झालं, हे त्यानं इतक्या वर्गांना सांगितलं की निवृत्त झाल्यावर त्यालाच शंका आली : हे पठार आपण आतून कधी पाहिलंय का? मग पन्हाळ्याकडून, भुदरगडाकडून, कुठल्याशा खाणीतून स्कूटरच्या पायरीवर दगड येऊ लागले. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहतात आणि त्या पोकळ्यांत पुढं सावकाश गारगोटी, स्टिलबाइट, ॲपोफिलाइट असले स्फटिक वाढतात. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणीत निघालेला निळाशार कॅव्हन्साइट तर जगभरच्या संग्राहकांनी डोक्यावर घेतला. वाघोलीत निघतो, मग कोल्हापूरनं काय घोडं मारलंय, हा दादाचा प्रश्न. हातोड्यानं दगड फोडला तर आतल्या स्फटिकांचा भुगा होतो, म्हणून कापायचा. कापायचा म्हणून मशीन.

ते मिळालंही. एका फरशीवाल्यानं धंदा आवरला, त्याचं जुनं कटर दादानं घेतलं. अँगलची फ्रेम, खाली पाण्याची टाकी, दोन एचपीची मोटर, पट्ट्यावर फिरणारं चौदा इंची पातं. शाफ्ट झिजला होता, तो उद्यमनगरात लेथवर नवा करून घेतला. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी १९१८ साली स्वतः सिनेमाचा कॅमेरा तयार केला, त्या गावात दगडाच्या कटरचा शाफ्ट म्हणजे दुपारच्या चहाआधीचं काम. चौघांनी मशीन टेम्पोतून उतरवलं आणि पहिला प्रश्न आला : कुठं ठेवायचं?

वहिनी दारातच उभ्या होत्या. ‘‘अहो, हे घरात आलं तर मी बोळात,’’ एवढंच म्हणाल्या. त्यांचा मुद्दा रास्त होता. हे मशीन चालतं तेव्हा काळ्या चिखलाचा फवारा उडतो, समोरची भिंत छातीएवढ्या उंचीपर्यंत सारवून निघते. तेव्हा मशीन बोळात गेलं. वर आभाळ, खाली कडप्पा, बाजूला शेजाऱ्यांचं पन्हाळ.

आता या मशीनची खोड सांगतो. हे चालू असताना त्याला पाणी लागतं आणि बंद असताना पाणी चालत नाही.

दगडाच्या पात्याला करवतीसारखे दात नसतात. पोलादी तबकडीच्या कडेला धातूच्या भुकटीत कृत्रिम हिऱ्याचे बारीक कण बसवलेले असतात आणि ते दगड कापत नाहीत, घासत नेतात. घासलं की तापणार. हिरा जगातला सगळ्यात कठीण पदार्थ खरा, पण शेवटी कोळशाचा भाऊ. सातशे-आठशे अंशांच्या आसपास त्याचंही धैर्य सुटतं. म्हणून पात्यावर पाण्याची धार हवी. पाण्यानं धूळही बसते, आणि ते फार महत्त्वाचं. गारगोटीची कोरडी धूळ फुप्फुसात गेली की परत निघत नाही. खाणीत आणि दगडाच्या कारखान्यांत किती माणसं त्यापायी खोकत गेली. दादा पाणी चालू असूनही नाकाला मास्क लावतो. या एका बाबतीत गल्लीनं त्याला सल्ला दिलेला नाही.

काम संपलं, बटण बंद झालं, की तेच पाणी वैरी. टाकीत राहिलं तर दगडाचं पीठ तळाशी बसून सिमेंटला हरवेल असं घट्ट होतं, मग खुरप्यानं खरवडत बसा. पात्यावर राहिलं तर तबकडी गंजते, शाफ्टशी चिकटून बसते, आणि पुढच्या वेळी नट सोडवायला दादाला पान्यावर उभं राहावं लागतं. म्हणून रोज टाकी रिकामी करायची, पातं काढायचं, पुसायचं, तेलाचा हात फिरवायचा आणि आडवं ठेवायचं. तिरकं टेकवून ठेवलं तर पोक येतो, आणि पोक आलेलं पातं दगडात सरळ जात नाही. घरात चौदा इंची सपाट, कोरडी, कुणी हात न लावणारी जागा एकच होती : दिवाणावरच्या गादीखाली. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पातं तिथं जातं. आमच्याकडं मुक्कामाला येणारे पाहुणे हिऱ्यांवर झोपतात, आणि सकाळी उठून पाठ धरल्याचं सांगतात.

आणखी एक गंमत. कठीण दगड कापून कापून पातं गुळगुळीत होतं. वरचे हिरे बोथट होतात आणि खालचे धातूत पुरलेले राहतात. तेव्हा त्याला धार लावायला दगडाहून कठीण काही शोधायचं नसतं. मऊ, खरबरीत वीट कापायची. वीट धातू खाते, नवे हिरे उघडे पडतात. दादा विटा कापतोय हे पाहून समोरचे काका जवळ आले, ‘‘सर, दगड जमंना व्हय?’’ दादानं त्यांना पंधरा मिनिटं शास्त्र समजावलं. ते ऐकून गेले आणि सगळ्यांना सांगितलं, सरांनी विटांवर प्रॅक्टिस सुरू केलीय.

उन्हाळ्यापर्यंत हे सगळं शिस्तीत चालतं. मृग लागला की खरी परीक्षा. हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की लोखंड झपाट्यानं गंजायला लागतं. आषाढात कोल्हापूरची हवा त्याच्या कितीतरी वर असते, आणि इथं पाऊस ‘पडत’ नाही, वस्तीला येतो. उघड्या मशीनचा एकेक अवयव या दिवसांत आपापल्या परीनं बंड करतो. बेअरिंग कुरकुरतं. पट्टा फुगतो आणि मग भेगाळतो. स्विचमध्ये ओल शिरते. मोटरच्या वायंडिंगला दमटपणा लागला की अंगाला हात लावताच ती मुंग्या आणते, म्हणून दादानं आधी वीज गळताच प्रवाह तोडणारा ईएलसीबी बसवून घेतला. हा खर्च मात्र कुणी कितीही कंजूस असला तरी टाळू नये.

गल्लीचं पहिलं औषध होतं जळकं ऑइल. कोल्हापुरात जळक्या ऑइलवर माणसांची जी श्रद्धा आहे ती मोठ्या मोठ्या दवाखान्यांच्या वाट्याला आली नाही. वाळवी लागली, लावा ऑइल. दार कुरकुरतंय, लावा ऑइल. मशीनला गॅरेजवाल्या पोरानं इतक्या प्रेमानं ऑइल लावलं की फ्रेम खरंच वर्षभर गंजली नाही. फक्त ते पट्ट्यालाही लागलं. दुसऱ्या दिवशी मोटर फिरत होती, पट्टा फिरत होता आणि पातं शांत उभं होतं. दादा त्याला म्हणाला, ‘‘बाळा, लोखंडाला लाव, रबराला नको.’’ पोरगं म्हणालं, ‘‘सर, आता आवाज तरी येतोय का बघा की.’’

सगळ्यात अभ्यासू सल्ला मिळाला तो कोपऱ्यावरच्या शेठजींकडून. त्यांच्या आजोबांपासूनचा गुळाचा व्यापार. कोल्हापूरला रेल्वे आली १८९१ साली, आणि चारच वर्षांनी, १८९५ला, शाहू महाराजांनी स्टेशनजवळ ही शाहूपुरीची पेठ वसवली. गूळ इथून देशभर जायचा. सौदे आता मार्केट यार्डात होतात, पण ओलीशी झुंजायची विद्या या घरांतून गेलेली नाही. पावसाळ्यात गुळाचा रवा हवेतलं पाणी ओढून पाझरायला लागतो, त्याला सांभाळणं म्हणजे साधं काम नव्हे. शेठजींनी मशीनभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि निदान सांगितलं.

‘‘सर, तीन वैरी. जमिनीची ओल, भिंतीची ओल, आणि हाताचा घाम. जमिनीला टेकवू नका, भिंतीपास्नं हातभर लांब, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हात लावू देऊ नका.’’

पहिल्या दोन गोष्टी सोप्या होत्या. खाली विटांवर सागवानी फळ्या आल्या, मशीन भिंतीपासून सरकलं. तिसरी गोष्ट शास्त्रानं बरोबर आणि शाहूपुरीत अशक्य. घासून चकचकीत केलेल्या शाफ्टवर दुसऱ्या दिवशी तांबडे ठसे उमटलेले असायचे, बोटांच्या रेषांसकट. ‘हे काय असतंय’ असं म्हणून प्रत्येकानं हात लावलेला. पोलीस आले असते तर अख्खी गल्ली आत गेली असती.

मग ताडपत्री. आपल्याला वाटतं, झाकलं म्हणजे वाचलं. दादानं निळी ताडपत्री आणली, पार खालपर्यंत ओढली, सुतळीनं आवळली, आणि आठवड्यानं सोडली तर आत मशीन ओलंचिंब. पाऊस एक थेंब आत गेला नव्हता. दिवसा जमिनीतली ओल उबेनं वर उठते, रात्री ताडपत्री गार पडते, वाफ तिला आतून धरते आणि सगळी रात्र मशीनवर ठिबकत राहते. थोडक्यात, आम्ही मशीनला स्वतःचा खासगी पाऊस करून दिला होता. वर्गात बाष्पीभवन, सांद्रीभवन आणि वृष्टी शिकवताना फळ्यावर काढायची ती आकृती बोळात जिवंत झाली होती. दादा तिच्याकडं दुःखानं नव्हे, कौतुकानं बघत होता. त्यानंतर ताडपत्री बांबूच्या सांगाड्यावर गेली, चारी बाजूंनी खालून वीतभर मोकळी.

उरलेली ओल घालवायला उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी शेवटचा उपाय सांगितला. ‘‘सर, आत शंभरचा एक बल्ब जळत ठेवा. मोटर कोरडी राहती.’’ दादा दुकानात गेला. दुकानदारानं नऊ वॅटचा एलईडी काढून दिला. उजेड भरपूर, वीज दहावा हिस्सा, दोन वर्षं गॅरंटी. दादाला उजेड नको होता. जुना तारेचा बल्ब विजेतल्या थोडक्या भागाचा उजेड करतो आणि बाकीची सगळी उष्णता म्हणून उधळतो, याच अवगुणापायी तो बाजारातून हद्दपार झाला, आणि दादा नेमका तो अवगुण विकत घ्यायला निघाला होता. ‘‘तसला आता पोल्ट्रीवाल्यांकडं बघा,’’ दुकानदार म्हणाला. कोंबडीच्या पिल्लांना ऊब द्यायला ते अजून वापरतात. तिथून बल्ब आला, जाळीत बसला, ताडपत्रीपासून लांब टांगला गेला. वहिनींनी विजेचं बिल पाहिलं आणि म्हणाल्या, ‘‘माझ्या बाळंतपणात एवढा शेक मिळाला नव्हता.’’

पण या बल्बनं भलतंच घडवलं. आमच्यापासून कुंभार गल्ली लांब नाही. पावसाळ्यात तिथं दारोदार गणपतीच्या मूर्ती प्लॅस्टिकखाली झाकून ठेवलेल्या असतात, आणि आत बल्ब लावून रंगकाम चाललेलं असतं. आता आमचा बोळ डोळ्यांपुढं आणा. श्रावण, संध्याकाळ, भुरभुर पाऊस. बांबूच्या सांगाड्यावर ताडपत्री, आत पिवळा उजेड, आणि मधोमध बसक्या आकाराचं, रुंद पोटाचं, एका बाजूला पुढं आलेल्या पाइपचं काहीतरी. येणारे-जाणारे हात जोडू लागले. एक आजी तर चपला काढून उभ्या राहिल्या. ‘‘किती फुटी हाय ओ?’’ त्यांनी विचारलं. दादा खोटं बोलत नाही. ‘‘चौदा इंची,’’ म्हणाला. ‘‘लहानच बरी, घरात मावती,’’ असं म्हणून त्यांनी ताडपत्रीच्या टोकाला जास्वंद खोवलं आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी एका मंडळाच्या पोरानं विसाराचे पैसे किती, असं विचारलं. तिसऱ्या दिवशी वहिनींनी पाटी लावायला सांगितली. ‘मशीन आहे’ अशी पाटी लागली. त्यानंतर लोक नमस्कार करून मग पाटी वाचू लागले.

पुराचं मात्र हसण्यासारखं नाही, तरी गल्ली त्यातही हसली. २०१९च्या ऑगस्टात पंचगंगा राजाराम बंधाऱ्यापाशी ५५ फुटांच्या पुढं गेली, जयंती नाल्याचं पाणी उलटं शिरलं, व्हीनस कॉर्नरला होड्या फिरल्या. कुंभार गल्लीत रंग न लागलेल्या मूर्ती माळ्यावर चढवायची धांदल, आणि आमच्याकडं मशीन. शेजारच्या तालमीतली पोरं आली. मोटरचे बोल्ट गंजून बसलेले, पाना घसरतोय, पाणी उंबऱ्याला. शेवटी मोटरसकट आख्खं धूड त्यांनी जिन्यावरून वर नेलं. निम्म्या जिन्यात एकानं दम घेत विचारलं, ‘‘सर, ह्यो एवढा जड गडी, ह्याला पाण्याची कसली भीती ओ?’’ त्याचं उत्तर पूर ओसरल्यावर मिळालं. रिवायंडिंगच्या दुकानांपुढं भिजलेल्या मोटरींची रांग लागली होती.

तेव्हापासून दादाचं स्वतःचं वेळापत्रक आहे. जिल्ह्यासाठी ३९ फूट म्हणजे इशारा पातळी आणि ४३ म्हणजे धोका. आमच्याकडं ३९ला पट्टा आत येतो, ४१ला मोटरचे बोल्ट सुटतात आणि ४३ला तालमीत फोन जातो. बोल्टांना आता ग्रीस असतं, सहज फिरतात. २०२१च्या जुलैत पाणी २०१९पेक्षाही थोडं वर गेलं, पण मोटर तोवर माळ्यावर लोणच्याच्या बरण्यांशेजारी बसली होती.

एवढं करूनही गंज लागतोच. दादा त्याचं फार वाईट वाटून घेत नाही. पन्हाळ्याच्या आणि मसाई पठाराच्या माथ्यावरचा तांबडा जांभा म्हणजे दुसरं काय, असं तो विचारतो. मुळात काळाच दगड. पावसानं त्यातलं विरघळणारं सगळं धुऊन नेलं, लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं तेवढी वर राहिली. म्हणजे सह्याद्रीलाही पावसाळ्यात गंज चढतो, फक्त त्याला लाखो वर्षं लागतात आणि त्यावर ताडपत्री कुणी टाकत नाही. टाकीतला काळा गाळही तो गटारात जाऊ देत नाही. एकतर गटार तुंबतं, आणि दुसरं म्हणजे आपली काळी माती याच दगडाची झालेली आहे. गाळ वाळवून वहिनींच्या कुंड्यांत जातो. जास्वंद त्यावर बरी आहे. ती गाळामुळं की वहिनींमुळं, यावर घरात एकमत नाही.

खंडेनवमीला मशीनची पूजा होते. तेव्हा नवी अडचण. वहिनी ओलं हळदीकुंकू लावतात, दादा हात धरायच्या आत. पाडव्यापर्यंत त्या जागी गोल तपकिरी डाग उमटलेला असतो. एका वर्षी दादानं हळद तेलात कालवून द्यायचा प्रयत्न केला. वहिनींनी त्याच्याकडं असं पाहिलं की त्यानं मुकाट्यानं नारळ फोडला, आणि नारळाचं पाणी पात्यावर उडू नये म्हणून मध्ये स्वतः उभा राहिला. जुने पाथरवट बरे. टाकी, घण, पहार. संध्याकाळी लोहाराच्या भात्यावर टाकीला पाणी द्यायचं आणि पोत्यात टाकून निघायचं. खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर उभं राहिलं ते त्याच हत्यारांवर, आणि त्यांच्यावर कुणी ताडपत्री घातल्याचं ऐकिवात नाही.

दिवाळीनंतर हवा कोरडी होते आणि मशीन खऱ्या अर्थानं चालतं. वर्षातले हेच चार-सहा महिने. दगड चिकाटीनं पुढं सरकतो, पाण्याची धार काळी होते, आणि दोन फाका अलग पडतात. बहुतेक वेळा आत नुसता काळा दगड असतो, ६.६ कोटी वर्षं जसा होता तसा. क्वचित तळहाताएवढी पोकळी निघते, तिच्या भिंतीवर पांढरे, मोत्याची चमक असलेले स्टिलबाइटचे झुपके. त्या दिवशी सगळ्या गल्लीला बोलावणं जातं. लोक येतात, बघतात, ‘लय भारी’ म्हणतात आणि विचारतात, सर, एवढी आमच्या कट्ट्याची फरशी कापून देता काय?

या सगळ्यांत मशीनला कधीच सल्ला न देणारा माणूस एकच : रविवारी हातगाडी घेऊन येणारा भंगारवाला. तो बोळाच्या तोंडाशी थांबतो, ताडपत्रीची कड बोटानं उचलतो, आत एक नजर टाकतो आणि जातो. हे वर्षानुवर्षं चाललंय. घाई नाही, आग्रह नाही. परवा मात्र त्यानं तोंड उघडलं.

‘‘सर, मोटरचं वायंडिंग तांब्याचं का ॲल्युमिनियमचं?’’

‘‘तांब्याचं,’’ दादा अभिमानानं म्हणाला. ‘‘अस्सल.’’

त्यानं वाकून ताडपत्रीची कड व्यवस्थित खाली ओढली, सुतळीला आणखी एक गाठ मारली आणि म्हणाला, ‘‘मग नीट झाका. भिजाय नको.’’